टेलच्या मोटारीचे मानक

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की कोरेगाव भीमा ओलांडल्यावर, शिक्रापूर येण्याआधी शिरूर तालुक्यातली सणसवाडी लागते. जॉन डिअर कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना याच गावाच्या हद्दीत आहे. ट्रॅक्टर घेणारा शेतकरी 'ॲव्हरेज किती देतो' हे हमखास विचारतो, आणि त्याचे उत्तर विक्रेत्याच्या शब्दावर सोडलेले नाही. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. इंजिन पूर्ण भारावर किती ताकद देते, एका किलोवॅट-तासाला किती ग्रॅम डिझेल पिते, नांगर ओढताना चाक किती घसरते, हे सगळे तिथे मोजून अहवालात छापले जाते. ट्रॅक्टर मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ओईसीडी या संघटनेने १९५९ साली ठरवली. पण तिचे मूळ आणखी चाळीस वर्षे मागे, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका फसवल्या गेलेल्या शेतकऱ्यापाशी आहे.

त्याचे नाव विल्मॉट क्रोझियर. त्याने 'फोर्ड' नावाचा ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्डचा त्या ट्रॅक्टरशी काही संबंध नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीने नावाचा फायदा उठवला होता. यंत्र निकामी निघाले. दुसऱ्या कंपनीचे घेतले, तेही तसेच. तिसरे मात्र सांगितल्यापेक्षा जास्त काम देणारे निघाले. तिन्ही यंत्रांवर कंपनीनेच लिहिलेले अश्वशक्तीचे आकडे होते, आणि त्यातला कुठला खरा हे पैसे मोजल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. क्रोझियर पुढे राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला आणि १९१९ साली त्याने कायदा करून घेतला: नेब्रास्कात ट्रॅक्टर विकायचा असेल तर राज्याच्या विद्यापीठात त्याची चाचणी झाली पाहिजे आणि निकाल जाहीर झाला पाहिजे. १९२० साली तिथे सर्वांत आधी चाचणीला उभा राहिला तो 'वॉटर्लू बॉय', जॉन डिअरनेच त्या सुमारास विकत घेतलेल्या कारखान्याचा ट्रॅक्टर. ज्या कंपनीचे नाव आज सणसवाडीच्या कमानीवर आहे, तिला शंभर वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्यापुढे यंत्र उभे करावे लागले होते.

हा इतिहास इतक्या तपशिलाने सांगितला, कारण आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मानकांविषयी बोलताना तो नेमका गळतो. मानक म्हणजे जिनिव्हातल्या तज्ज्ञांनी ठरवलेली आणि आपण मुकाट पाळायची गोष्ट, असे एका बाजूला समजतात. दुसऱ्या बाजूला, मानक म्हणजे श्रीमंत देशांनी आपला माल अडवायला उभी केलेली भिंत, असे समजतात. दोन्ही समजुतींत आपण फक्त सोसणारे आहोत. माझे म्हणणे असे की, कुठलेही चांगले मानक हे कुणाच्या तरी तक्रारीतून जन्मते. ज्याची तक्रार मोजमापाच्या भाषेत मांडली गेली, त्याच्या परिस्थितीत यंत्र तपासले जाते. ज्याची मांडली गेली नाही, त्याला दुसऱ्याच्या परिस्थितीत तपासलेले यंत्र मिळते. ऊर्जा कार्यक्षमता आणि सौरऊर्जा या दोन्ही बाबतीत शिरूरचा शेतकरी आज या दुसऱ्या गटात आहे.

ट्रॅक्टर सोडून त्याच शेतकऱ्याच्या विहिरीवर जाऊ. तिथे पाच अश्वशक्तीची मोटार आहे. मोटारींच्या कार्यक्षमतेचे वर्ग आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने, म्हणजे आयईसीने, २००८ साली एकसारखे केले आणि २०१४ साली सुधारले: आयई १, आयई २, आयई ३, आयई ४. भारताने ते आपल्या आयएस १२६१५ या मानकात घेतले. चार किलोवॅटच्या चार-पोल मोटारीत आयई २ आणि आयई ३ यांच्यातला फरक आहे दोन टक्क्यांचा, ८६.६ आणि ८८.६. या दोन टक्क्यांसाठी जगभरचे अभियंते झटले, आणि ते योग्यच होते, कारण जगातल्या विजेचा फार मोठा हिस्सा मोटारीच खातात.

पण ही कार्यक्षमता ज्या टेबलावर मोजली, तिथे व्होल्टेज ठरल्याप्रमाणे आहे, तिन्ही फेज समान आहेत आणि वाइंडिंग नवे आहे. चासकमान धरणाच्या कालव्यावर जसे हेडच्या शेतकऱ्याला पाणी मिळते आणि टेलच्याला ओल मिळते, तसेच विजेच्या लाइनवरही आहे. डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, सात-आठ खांब पुढे, ॲल्युमिनियमच्या जुन्या तारेच्या टोकाला असलेल्या विहिरीवर ४१५ च्या जागी ३३० व्होल्ट मिळणे नवलाचे नाही. इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे व्होल्टेज वीस टक्के घटले की जोर छत्तीस टक्के घटतो. पंपावरचे पाण्याचे ओझे मात्र तेवढेच राहते. मग मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. वाइंडिंगचे तापमान मर्यादेच्या वर दर दहा अंशांनी चढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. गावात याला एवढेच म्हणतात: मोटार जळली.

व्होल्टेज इतके का पडते? तारा जुन्या आहेत, डीपीवर मंजुरीपेक्षा जास्त भार आहे, वीजचोरीचे आकडे आहेत, हे सगळे खरे. पण एक कारण असे आहे की जे कुठल्याही प्रयोगशाळेत सुचणार नाही. शेतीला थ्री फेज वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शिरूर, आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यात उसात बिबट्यांचा वावर आहे आणि त्यांनी माणसे मारल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला विहिरीवर कोण जाईल? म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच बसवतात. वीज आली की मोटार आपोआप सुरू. एकाच फीडरवरच्या शेकडो मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, व्होल्टेज कोसळते, आणि ज्या डीपीवर सगळे अवलंबून असतात तीच जाते. महावितरण वर्षानुवर्षे सांगते की ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. सांगणे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. पण ज्या माणसाने शेजारच्या वस्तीवरच्या मुलाचा मृत्यू ऐकला आहे, त्याला ऑटोस्विच काढ म्हणणे म्हणजे जीव आणि कार्यक्षमता यांत निवड करायला लावणे आहे. तो जीव निवडणार, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणून शेतकरी दुकानात गेला की पंपावरचे ऊर्जा कार्यक्षमतेचे तारे पाहत नाही. त्याला हवी असते कमी व्होल्टेजवर तग धरणारी, तांबे भरपूर असलेली मोटार. पंपाच्या जाहिरातीही त्याला हेच सांगतात: वाइड व्होल्टेज, लो व्होल्टेजवरही चालणारा. हा अडाणीपणा नाही. त्याच्या लाइनवर जी खरी परीक्षा होते, त्या परीक्षेला उतरणारे यंत्र तो निवडतो. चूक आहे ती त्या परीक्षेला मानकात पुरेशी जागा न देणाऱ्या व्यवस्थेची.

'पुरेशी' म्हणतो, कारण थोडी जागा मिळालेली आहे आणि ती कशी मिळाली हे महत्त्वाचे आहे. आयईसीच्या मोटारविषयक मानकात व्होल्टेज दहा टक्के वरखाली होईल एवढेच गृहीत धरले आहे. भारतीय शेतीपंपांच्या मानकांनी मात्र खालच्या बाजूला पंधरा टक्के धरले. म्हणजे ३५३ व्होल्टपर्यंत मोटारीने काम दिले पाहिजे. ज्यांनी हा आकडा लिहिला त्यांनी भारतातली विहीर पाहिली होती. एअर कंडिशनरचेही तसेच. त्याची हंगामी कार्यक्षमता मोजण्याच्या आयएसओ १६३५८ या मानकात मूळचे तापमान २१ ते ३५ अंशांचे आहे. त्यात नागपूरचा मे महिना बसतच नाही. भारताने पद्धत तीच ठेवली, पण तापमानाची पट्टी २४ ते ४३ अंश केली, वापराचे तास वर्षाला १,६०० धरले, आणि २०१८ पासून एसीवरचे तारे याच हिशेबाने मिळू लागले. जगाशी नाते तुटले नाही आणि मोजमाप आपल्या उन्हाचे झाले.

मला याहून बोलके वाटते ते सौर पॅनेलच्या एका चाचणीचे उदाहरण. गोठ्याच्या छपरावर पॅनेल बसवले की शेणामुताचा अमोनिया त्याच्या जोडांत शिरतो आणि गंज धरतो. युरोपातल्या गोठ्यांवर पॅनेल आले, ही अडचण पुढे आली, आणि २०१३ साली आयईसी ६२७१६ हे अमोनियासाठीचे स्वतंत्र चाचणीमानक तयार झाले. गोठ्याचा वास जिनिव्हापर्यंत पोचू शकतो. मग टेलच्या विहिरीवरचे ३३० व्होल्ट का पोचू नयेत?

सौरऊर्जेचा विषय निघालाच आहे, तर तिथला आकडाही पाहू. पॅनेलवर जे वॅट लिहिलेले असतात, ते आयईसीच्या प्रमाणित स्थितीतले असतात: चौरस मीटरला हजार वॅट ऊन आणि पॅनेलमधल्या सेलचे तापमान २५ अंश. शिरूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत तापतो. सिलिकॉनची क्षमता दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटते, म्हणजे चाळीस अंशांना सुमारे चौदा टक्के. त्यावर नगर रस्त्याची धूळ, वीटभट्ट्यांची काजळी. छापील आकडा खोटा नाही, पण तो इथल्या दुपारचा नाही. आयईसीने २०२० साली जास्त तापणाऱ्या पॅनेलसाठी वेगळी तांत्रिक मार्गदर्शिका काढली, म्हणजे प्रश्न जगालाही मान्य आहे.

याच बाबतीत एक गोष्ट आपल्याकडे फार चांगली झाली आहे आणि तिचे कौतुक होत नाही. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सौर पंपासाठी जे निकष घातले, ते पाण्याच्या भाषेत आहेत. अमुक मीटर हेड, म्हणजे पाणी उपसण्याची उंची, असेल तर पॅनेलच्या प्रत्येक वॅटमागे पंपाने दिवसाला ठरलेले लिटर पाणी दिले पाहिजे. पॅनेल, कंट्रोलर, मोटार, पंप यांपैकी कुणाची कार्यक्षमता किती हा कंपन्यांचा आपसातला प्रश्न. शेतकऱ्याला शेवटी किती पाणी, एवढेच विचारलेले आहे. क्रोझियरने ट्रॅक्टरबद्दल हेच विचारले होते. विजेवरच्या पंपालाही हाच निकष का लावू नये? पंपाच्या पाटीवर ताऱ्यांच्या जोडीला '३५० व्होल्टवर, इतक्या हेडला, एका युनिटमागे इतके लिटर' असे छापले, तर विहिरीवर उभा राहून कुणीही पडताळा घेऊ शकेल. ड्रम, घड्याळ आणि विजेचा मीटर पुरेल.

याची निकड गेल्या काही वर्षांत वाढली आहे. महाराष्ट्राने २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल माफ केले आहे. सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात. कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरले, याचा मला आनंदच आहे. पण बिल शून्य झाले की चांगला पंप घेण्याचे उरलेसुरले आर्थिक कारणही संपते. कार्यक्षमतेचे काम आजवर किंमत आणि मानक या दोघांनी वाटून घेतले होते. त्यातली किंमत आपण जाणूनबुजून बाजूला काढली, तेव्हा तिचा भारही मानकानेच उचलला पाहिजे. वाया जाणारी वीज शेतकऱ्याच्या बिलात दिसत नसली, तरी ती राज्याच्या तिजोरीत, कारखान्यांच्या दरात आणि भूजलाच्या पातळीत दिसतेच. म्हणून मोफत वीज आणि ढिले मानक एकत्र नांदू शकत नाहीत.

आणि नुसते मानकही पुरत नाही. महाराष्ट्राकडे याचा जुना धडा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने शेतीपंपांसाठीचा देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प २००९ साली सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला घेतला. ब्रह्मपुरी, नंदेश्वर, बोराळे, भोसे, खरातवाडी या पाच फीडरवर ३,५३० पंप होते. त्यातले २,२०९ बदलून स्टार मिळालेले पंपसंच बसवले. मला त्यातला आकड्यापेक्षा क्रम मोलाचा वाटतो. आधी पूर्ण फीडर धरला, विहिरीविहिरीवर जाऊन हेड आणि पाणी मोजले, मग त्या विहिरीला कोणता पंप शोभतो ते ठरवले. कारण शेतीपंपात सगळ्यात जास्त वीज मोटारीच्या वर्गामुळे वाया जात नाही. ती चुकीच्या हेडचा पंप, निमुळता पाइप, घट्ट फुटव्हॉल्व्ह, नको तिथे दिलेले बेंड यांत जाते. देशातल्या जुन्या शेतीपंपसंचांची एकूण कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या आसपास धरली जाते. जिथे सत्तर टक्के गळती आहे तिथे मोटारीच्या दोन टक्क्यांवरच थांबणे म्हणजे प्रश्नाचा कोपरा झाडणे होय. मंगळवेढ्याची पद्धत, म्हणजे यंत्राऐवजी फीडर हे मोजमापाचे एकक धरणे, ही पुढे मानक म्हणून लिहिली जायला हवी होती. प्रकल्प झाला, अहवाल झाला, आणि पद्धत कागदातच राहिली.

लाइन सुधारता येत नाही असेही नाही. २०१८ पासून महावितरणने उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन शेतकऱ्यांमागे स्वतंत्र रोहित्र देण्याचे काम हाती घेतले. जिथे ते झाले तिथे व्होल्टेजची तक्रार आणि आकडा दोन्ही कमी होतात, कारण लघुदाबाची लांबच लांब तारच उरत नाही. शिरूरच्या शेजारी पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात झाली, ती फीडरच सौर करून शेतीला दिवसा वीज देण्यासाठी. बिबट्याच्या भीतीचा आणि ऑटोस्विचचा तोडगा तिथे आहे. दिवसा वीज मिळाली की ऑटोस्विचची गरज संपते, मोटारी एकदम सुरू होणे थांबते, व्होल्टेज सावरते आणि कार्यक्षम मोटार जगू शकते. नवीकरणीय ऊर्जा आणि ऊर्जा कार्यक्षमता यांच्या समित्या जगभर वेगवेगळ्या बसतात. शिरूरच्या शेतात हे दोन विषय एकाच तारेवर आहेत.

जळालेल्या मोटारीचे पुढे काय होते, हा मानकांच्या जगातला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. शेतकरी नवी घेत नाही, तीच भरून आणतो. शिक्रापूर, शिरूर, पाबळच्या बाजारात वाइंडिंगची दुकाने आहेत आणि हंगामात तिथे मोटारींची रांग असते. जुने वाइंडिंग काढण्यासाठी ते पेटवतात. आग प्रमाणाबाहेर गेली तर गाभ्याच्या पत्र्यांमधले इन्सुलेशन जळते आणि मोटार कायमची जास्त वीज खाऊ लागते. तार एक गेज बारीक भरली तरी तोच परिणाम. नीट भरलेली मोटार मात्र मूळची कार्यक्षमता राखू शकते. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मोटार दुरुस्ती संघटनांनी मिळून २००३ साली केलेल्या अभ्यासाने हे दाखवून दिले. मोटारींच्या दुरुस्तीसाठी आयईसीचे ६००३४-२३ हे मानकही आहे. ते शिक्रापूरच्या वाइंडरपर्यंत कोण नेणार? याच तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला, हाताने काम करत शिकण्याची शाळा. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक तिथे आहे. मोटार वाइंडिंगचे मराठीतले पान-दोन पानांचे मानक तयार करायला, तापमान किती ठेवायचे, तार कशी मोजायची, भरल्यावर निर्भार करंट किती यायला हवा हे लिहून दुकानदारांना शिकवायला, याहून योग्य जागा मला दिसत नाही.

आता एक आक्षेप. स्थानिक परिस्थितीचा आग्रह धरला की मानक ढिले होण्याचा धोका असतो. 'आमच्याकडे व्होल्टेजच नाही, आम्हाला सूट द्या' असे म्हणत कमी दर्जाचा माल खपवणारे लगेच पुढे येतील. धोका खरा आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: परीक्षेची परिस्थिती कठीण करा, पण उत्तीर्ण होण्याची रेघ खाली आणू नका. ४३ अंशांवर एसी तपासला म्हणून त्याला कमी वीज खाण्यातून सुटका मिळाली नाही. उलट तारे मिळवणे दर काही वर्षांनी आणखी अवघड होत गेले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फ्रीज बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे कारखाने आहेत. ताऱ्यांचा तक्ता दर वेळी कडक झाला तेव्हा त्या बंद पडल्या नाहीत, त्यांनी कॉम्प्रेसर बदलले. पंप उद्योगालाही ते जमेल.

सणसवाडीच्या कारखान्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या दारातून आला आहे. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम आणि नटबोल्टपर्यंतच्या मालावर कर्ब सीमाशुल्काची नोंदणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू केली आणि १ जानेवारी २०२६ पासून ते शुल्क प्रत्यक्ष लागू झाले. मोठ्या कंपन्यांकडे आयएसओ ५०००१ सारखी ऊर्जा व्यवस्थापनाची घडी आहे. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या दहा-वीस माणसांच्या शेडमध्ये मात्र भट्टीला स्वतंत्र मीटरही नसतो. मोजमाप नाही म्हणून युरोपने ठरवलेले सरासरी, आणि बहुधा चढे, आकडे त्यांच्या माथी बसतील. जो मोजत नाही त्याच्या वतीने दुसरा कुणी मोजतो, हे इथे रुपयांत दिसणार आहे.

भारतीय मानक ब्युरोचे मसुदे मंजुरीआधी सर्वांच्या सूचनांसाठी खुले असतात. मोटारींची समिती, पंपांची समिती, सौर पॅनेलची समिती, सगळ्यांचे. त्यावर कंपन्या लिहितात, प्रयोगशाळा लिहितात. पाणीवापर संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, बाजार समित्या क्वचितच लिहितात, आणि त्यांनी लिहिले तरी आकड्याविना लिहिलेली तक्रार समितीत टिकत नाही. म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. महावितरणने शिरूर तालुक्यातल्या शेतीच्या काही फीडरवर, डीपीपाशी नव्हे, टेलच्या खांबावर व्होल्टेज नोंदवणारी यंत्रे वर्षभर लावावीत. उसाच्या पाण्याचे आणि कांद्याच्या लागवडीचे दोन्ही हंगाम त्यात यावेत. नोंदी मराठीत, गावाच्या नावासह जाहीर कराव्यात. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी त्याच व्होल्टेजवर बाजारातल्या पाच अश्वशक्तीच्या पंपांच्या चाचण्या घेऊन कंपनीच्या नावानिशी निकाल छापावेत, नेब्रास्काच्या विद्यापीठाने छापले तसे. एवढी सामग्री हातात आली की भारतीय समितीला पंधरा टक्क्यांचा आकडा पुन्हा तपासावा लागेल, आणि भारतीय समितीमार्फत तो प्रश्न आयईसीच्या टेबलावर जाईल. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण आशियातल्या कितीतरी देशांच्या तारा आपल्यासारख्याच लांब आहेत. त्यांच्या वतीनेही तो तिथे मांडला जाईल.